एक्सेलची फाईल उघडत नाही? आधी तिचं नाव तपासा

प्रबंधासाठी डेटा गोळा करायला सुरुवात केली की महिन्याभरातच फोल्डरमध्ये अशी नावं जमतात: 'शेतकऱ्यांची यादी अंतिम', 'पाऊस २०२३ नवीन (२)', 'सुधारित तक्ता पुणे विभाग'. एक फाईल पेन ड्राइव्हवरून आलेली, दुसरी व्हॉट्सॲपवर, तिसरी ईमेलमधल्या झिपमध्ये. ज्या कार्यालयातून आली तिथे ती व्यवस्थित उघडत होती. तुमच्या लॅपटॉपवर मात्र एक्सेल म्हणतं, फाईल सापडत नाही, ती हलवली किंवा तिचं नाव बदललं असेल. फाईल तर डोळ्यांसमोर आहे!

अशा वेळी आपण फाईलला दोष देतो. खराब झाली असेल, पुन्हा मागवू. बऱ्याचदा फाईल ठणठणीत असते, अडचण फक्त नावात असते. आपण ज्याला 'परकी भाषा' म्हणतो ती सॉफ्टवेअरच्या लेखी वेगळी असते. अमेरिकेत इंग्रजी गृहीत धरून लिहिलेल्या प्रोग्रामला जर्मन, जपानी आणि मराठी या तिन्ही सारख्याच परक्या.

या लेखात दोन गोष्टी बघू. एक, अडलेली फाईल क्रमाने कशी सोडवायची. दुसरी, जी संशोधनासाठी जास्त महत्त्वाची आहे: न उघडणारी फाईल निदान ओरडते तरी, पण नावामुळे गुपचूप गळालेली फाईल तुमचा निष्कर्ष बदलते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

नाव म्हणजे आकड्यांची रांग

संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं याची यादी ठरलेली असते. आज बहुतेक ठिकाणी ती यादी युनिकोडची असते. युनिकोडमध्ये 'र' म्हणजे २३५२, 'श' म्हणजे २३५८. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचा पाय मोडण्याचं चिन्ह, या सगळ्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. म्हणजे आपल्याला जो एक 'ची' दिसतो, तो संगणकासाठी 'च' आणि दीर्घ वेलांटी असे दोन क्रमांक.

हे क्रमांक डिस्कवर किंवा इंटरनेटवरून पाठवताना बाइटमध्ये मोडले जातात. यूटीएफ-८ ही त्याची सध्याची रूढ पद्धत. या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'श'चे तीन बाइट आहेत २२४, १६४ आणि १८२. देवनागरीतलं कुठलंही चिन्ह घ्या, पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे निदान करताना कामाला येतील.

एक्सेलची नव्या प्रकारची फाईल, म्हणजे २००७ पासून आलेली एक्सएलएसएक्स, ही खरं तर एक झिप असते. आतले तक्ते आणि पत्रकांची मराठी नावं त्या झिपमधल्या मजकुरात युनिकोडमध्येच लिहिलेली असतात. फाईलचं नाव त्या झिपच्या बाहेर असतं, ते सांभाळण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. म्हणून बाहेरचं नाव कितीही विद्रूप झालं तरी आतल्या डेटाला त्याने धक्का लागत नाही.

आधी लक्षण ओळखा

डॉक्टर ताप बघून लगेच औषध देत नाहीत, कसला ताप ते विचारतात. इथेही चार वेगवेगळी लक्षणं आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं.

*१. नावात चौकोन दिसतात.* हा सगळ्यात निरुपद्रवी प्रकार. नाव बरोबर आहे, फक्त ते दाखवायला लागणारा फॉन्ट त्या संगणकावर नाही. जुन्या लिनक्स यंत्रांवर किंवा प्रयोगशाळेतल्या उपकरणांच्या संगणकांवर असं दिसतं. फाईल जशीच्या तशी आहे.

*२. नावाच्या जागी विचित्र रोमन अक्षरं.* डोक्यावर तिरकी रेघ असलेला 'ए', त्याच्यापुढे चार कोपऱ्यांना टोकं असलेलं छोटं वर्तुळ किंवा जपानी येनचं चिन्ह, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. ही जोडी म्हणजेच आपले २२४-१६४ आणि २२४-१६५. कुठल्यातरी प्रोग्रामने यूटीएफ-८ मधलं मराठी नाव विंडोजच्या पश्चिम युरोपीय यादीप्रमाणे, म्हणजे १२५२ क्रमांकाच्या कोड पेजप्रमाणे वाचलं. ग्रीक अल्फा आणि डोक्यावर लाट असलेला 'एन' अशी जोडी दिसली, तर ते झिपचं काम. झिप हा प्रकार जुना. त्यात नावांसाठी मूळ यादी आयबीएमच्या जुन्या संगणकांची, ४३७ क्रमांकाची. पुढे यूटीएफ-८ची खूण करण्याची सोय आली, पण झिप बनवणाऱ्या प्रोग्रामने ती खूण लावली नाही तर उघडणारा जुन्या यादीने वाचतो.

*३. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा नुसत्या खालच्या रेघा.* हे गंभीर. इथे अक्षरं चुकीची वाचली गेलेली नाहीत, ती टाकून दिली आहेत. जुन्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्राम विंडोजकडे नाव मागतो तेव्हा त्याला १२५२च्या यादीत बसणारंच नाव मिळतं. त्या यादीत देवनागरी नाहीच, म्हणून प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. मग तो प्रोग्राम प्रश्नचिन्हांच्या नावाची फाईल उघडायला जातो. विंडोजमध्ये फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही! अशी फाईल असणं शक्यच नाही, म्हणून उत्तर येतं 'सापडली नाही'.

*४. नाव अगदी बरोबर दिसतं, तरी सापडत नाही.* सगळ्यात फसवा प्रकार. याला वेगळा परिच्छेद हवा.

'ऱ'ची तीन रूपं

'शेतकऱ्यांची' हा शब्द बघा. यातला अर्धा 'र' आपल्या मराठीचा खास. हिंदीत हे रूप लागत नाही, त्यामुळे कीबोर्ड बनवणाऱ्यांनी तो लिहायच्या वेगवेगळ्या वाटा काढल्या. युनिकोडमध्ये हा शब्द किमान तीन प्रकारे लिहिता येतो.

पहिली वाट: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, त्यापुढे हलन्त आणि 'य'. एकूण शब्दात ११ चिन्हं.

दुसरी वाट: साधा 'र' (२३५२), त्याखाली नुक्ता (२३६४), मग हलन्त आणि 'य'. एकूण १२ चिन्हं.

तिसरी वाट: साधा 'र', हलन्त (२३८१), मग न दिसणारं एक जोडचिन्ह (८२०५) आणि 'य'. पुन्हा १२ चिन्हं, पण वेगळी.

पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. डिस्कवर ही तीन वेगळी नावं आहेत. तुमच्या कोडमध्ये तुम्ही पहिल्या वाटेने 'शेतकऱ्यांची' टाइप केलं आणि फाईल तिसऱ्या वाटेने आलेली असेल, तर प्रोग्राम सरळ सांगणार, असं काही नाही इथे.

पहिल्या दोन वाटा युनिकोडच्या दृष्टीने समान मानल्या जातात. एका प्रमाणित रूपात आणण्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. ॲपलच्या मॅकवर २०१७ पर्यंत जी फाईल पद्धत चालायची, ती नावं साठवताना स्वतःच 'ऱ' फोडून 'र' आणि नुक्ता असं करायची. म्हणजे एखाद्या जुन्या मॅकवरून फिरून आलेली फाईल तुम्हाला काही न करता दुसऱ्या वाटेने लिहिलेली मिळते. जर्मन अक्षरांवरचे दोन टिंब किंवा जपानी काना यांच्या बाबतीतही हेच घडतं. त्यामुळे ही केवळ आपली रड नाही.

तिसरी वाट मात्र नॉर्मलायझेशनने पहिलीसारखी होत नाही. 'ॲ'चंही तसंच. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर (२४१८) युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी आणि आजही अनेक कीबोर्डवर 'अ' (२३०९) आणि वरचा चंद्र (२३७३) जोडून 'अॅ' लिहितात. दिसायला एक, क्रमांक वेगळे, आणि प्रमाणित रूपात आणूनही ते एक होत नाहीत.

तुमच्या फायलींमध्ये काय आहे ते एक्सेलमध्येच तपासता येतं. नाव एका चौकटीत चिकटवा. 'लेन' हे सूत्र चिन्हांची संख्या देतं: ११ की १२ ते कळतं. 'मिड'ने एकेक चिन्ह काढून 'युनिकोड' सूत्रात घाला, क्रमांक मिळतो. पाचव्या जागी २३५३ आला तर पहिली वाट. २३५२ आला तर सहाव्या जागी बघा: २३६४ म्हणजे दुसरी, २३८१ म्हणजे तिसरी. दोन मिनिटांचं काम. डोळ्यांनी तुलना करत बसू नका, डोळे इथे निरुपयोगी आहेत.

फाईल उघडत नाही: क्रमाने काय करायचं

प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू: एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम केलं तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा चाचपडणं येतं.

१. मूळ फाईलला हात लावू नका. ती एका 'मूळ' फोल्डरमध्ये ठेवा. पुढचं सगळं प्रतीवर करा.

२. प्रतीला साधं इंग्रजी नाव द्या. चार-पाच लहान अक्षरं, मोकळी जागा नाही. शेवटचं एक्सएलएसएक्स किंवा एक्सएलएस आहे तसंच राहू द्या. उघडली? मग दोष नावात होता. नाही उघडली? पुढे चला.

३. फोल्डरचं नाव बघा. हे हमखास विसरलं जातं. फाईलचं नाव इंग्रजी केलं, पण ती 'माझा प्रबंध' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. किंवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना तुम्ही स्वतःचं नाव मराठीत टाकलंत आणि डेस्कटॉपचा पूर्ण पत्ताच मराठी झाला. जुन्या प्रोग्रामला पूर्ण पत्ता वाचावा लागतो, नुसतं शेवटचं नाव नाही. प्रत थेट डी ड्राइव्हवर इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवून बघा.

४. लांबी मोजा. एक्सेलला फोल्डरसकट पूर्ण पत्ता २१८ चिन्हांपर्यंतच चालतो. सरकारी फायलींची नावं म्हणजे अख्खं वाक्य असतं, त्यात फोल्डरात फोल्डर असले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवर वेगळी मर्यादा: तिथे सहसा एका नावाला २५५ बाइट. देवनागरीला चिन्हामागे तीन बाइट लागतात, म्हणजे मुद्दलात ८५ चिन्हं, आणि शेवटचं टिंब-एक्सएलएसएक्स धरलं तर ८३. विंडोजवर छान चाललेली फाईल सर्व्हरवर कॉपीच होत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

५. चौकोनी कंस काढा. विंडोजला ते चालतात, एक्सेलला नाही. कारण दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या सूत्रात एक्सेल फाईलचं नाव चौकोनी कंसातच लिहितं. ब्राउझरने किंवा पोर्टलने असे कंस घातलेले असू शकतात.

६. झिपमधून आली असेल तर ती झिप पुन्हा उघडा, या वेळी दुसऱ्या साधनाने, उदाहरणार्थ सेव्हन-झिप. तरीही अल्फा-एन दिसत असेल तर नावं उलट्या वाटेने परत मिळवता येतात: विद्रूप नाव ४३७च्या यादीने बाइटमध्ये बदलायचं आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथॉनमध्ये हे दोन पायऱ्यांचं काम आहे. १२५२ने बिघडलेल्या नावांना मात्र एक खोच आहे. त्या यादीत पाच जागा रिकाम्या आहेत आणि हलन्ताचा तिसरा बाइट, १४१, नेमका त्यातल्याच एका जागेवर पडतो. 'ए', 'ऐ' आणि 'झ' यांचीही तीच गत. काही प्रोग्राम हा बाइट सांभाळतात, काही गाळतात. गाळला असेल तर जोडाक्षरं परत येत नाहीत. आणि नावाची प्रश्नचिन्हं झालेली असतील तर परत आणायला काही उरलेलंच नाही. तेव्हा पाठवणाऱ्याला विनंती करून नावांची यादी वेगळी मागवा.

७. तरीही उघडत नसेल, तरच फाईल खराब आहे किंवा अर्धवट उतरली आहे असं माना. आता पुन्हा मागवायला हरकत नाही.

विंडोजमध्ये एक सरसकट उपायही आहे. रीजनच्या सेटिंगमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह भागात, सिस्टिम लोकेल बदलताना यूटीएफ-८ वापरण्याची एक चौकट मिळते. तिच्यावर अजून 'बीटा' असं लिहिलेलं असतं, आणि ते उगाच नाही. जुने प्रोग्राम त्यामुळे बिघडू शकतात. स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघायला हरकत नाही. विभागाच्या सामायिक संगणकावर, जिथे दुसऱ्याचंही काम चालू आहे, तिथे विचारल्याशिवाय करू नका.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीकडेही लक्ष द्या. स्टाटामध्ये युनिकोड २०१५ साली, चौदाव्या आवृत्तीत आलं. विंडोजवर 'आर' २०२२च्या ४.२ आवृत्तीपासून यूटीएफ-८ वापरू लागलं; त्याआधी मराठी नावांशी त्याचं जमणं कठीण होतं. पायथॉनने विंडोजवरच्या फाईल नावांसाठी ३.६ आवृत्तीत ही वाट धरली. विभागाच्या संगणकावर जुनी आवृत्ती असेल तर तासभर डोकं खाजवण्याआधी ते बघून घ्या.

गुपचूप गळणारी फाईल

आता खरा मुद्दा. महाराष्ट्रात ३६ जिल्हे. समजा तुमच्याकडे प्रत्येक जिल्ह्याची एक फाईल आहे आणि तुम्ही कोड लिहिलात: ज्या फाईलच्या नावात 'शेतकऱ्यांची' आहे त्या सगळ्या वाच, एकत्र कर, सरासरी काढ. कोड चालला. त्रुटीचा एकही संदेश नाही. सरासरी आली, आलेख सुंदर आला.

पण त्यातल्या सात फायलींमध्ये 'ऱ' तिसऱ्या वाटेने लिहिलेला होता. कोडने २९च वाचल्या. त्याला ३६ वाचायच्या होत्या हे माहीतच नव्हतं, मग तो तक्रार कशाची करणार?

सात फायली गेल्या, २९ तर आहेत ना, असं वाटेल. पण या सात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. त्या एकाच विभागातून, एकाच लिपिकाच्या एकाच कीबोर्डवरून आल्या असण्याची शक्यता दाट आहे. म्हणजे जो भाग गळला तो अख्खा एका प्रदेशाचा असू शकतो. कोरडवाहू जिल्हे गळले आणि बागायती राहिले, तर तुमची सरासरी राज्याबद्दल काहीतरी भलतंच सांगेल. संख्याशास्त्रात यादृच्छिक नसलेली गळती ही सगळ्यात वाईट गळती मानतात. इथे ती एका न दिसणाऱ्या चिन्हामुळे झाली.

हे अतिशयोक्त वाटत असेल तर रसायनशास्त्रातलं एक खरं उदाहरण घ्या. २०१४ साली नेचर प्रोटोकॉल्स या नियतकालिकात रेणूंच्या एनएमआर गणनेची एक पद्धत प्रसिद्ध झाली. सोबत पायथॉनमधले छोटे प्रोग्राम होते, विलोबी-हॉय स्क्रिप्ट या नावाने ते ओळखले जातात. २०१९ साली हवाई विद्यापीठातल्या गटाने ऑरगॅनिक लेटर्समध्ये दाखवून दिलं की तेच प्रोग्राम, त्याच फायली वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवल्या तर उत्तरं वेगवेगळी येतात. कारण? प्रोग्रामने गृहीत धरलं होतं की फायलींची यादी नावांच्या क्रमानेच मिळेल. काही सिस्टिम तशी देतात, काही देत नाहीत. क्रम चुकला की फायलींच्या जोड्या चुकतात, जोड्या चुकल्या की उत्तर चुकतं. त्रुटीचा संदेश तिथेही आला नव्हता. नावं तर साधी इंग्रजीच होती!

यातून आपल्यासाठी धडा सरळ आहे. फायली वाचणाऱ्या कोडच्या पहिल्या चार ओळींत या गोष्टी हव्यातच: यादी स्वतः क्रमाने लावा, नावं प्रमाणित रूपात आणा (पायथॉनमध्ये 'युनिकोडडेटा', 'आर'मध्ये 'स्ट्रिंगआय' यासाठी आहे), किती फायली मिळाल्या ते मोजा, आणि आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा असेल तर तिथेच थांबा. ३६ नसतील तर पुढची ओळ चालताच कामा नये.

नाव बदलायचं, पण नोंद ठेवून

सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे कामाच्या प्रतींना साधी इंग्रजी नावं देणं. पण बेधडक नावं बदलत सुटलात तर दुसरं संकट. सहा महिन्यांनी मार्गदर्शक विचारतील, हा आकडा कुठून आला? माहिती अधिकारात मिळालेल्या फाईलचं मूळ नाव हाच तुमचा पुरावा असतो. तो पुसून टाकलात तर दाखवणार काय?

म्हणून एक नोंदवही करा, साधं एक्सेल पत्रक. त्यात रकाने: मूळ नाव, नवीन नाव, कुणाकडून मिळाली, कशी मिळाली, तारीख, पत्रकांची आणि ओळींची संख्या, आणि एक रकाना हॅशचा.

हॅश म्हणजे फाईलच्या आतल्या मजकुराचा ठसा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाईलहॅश' ही आज्ञा दिली की ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. गंमत अशी की फाईलचं नाव बदललं तरी ठसा बदलत नाही, कारण नाव झिपच्या बाहेर आहे. उलट आतला एक आकडा बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. म्हणजे मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळले की 'नाव बदललं, डेटा नाही' हे तुम्ही सिद्ध करू शकता. एकच काळजी: ठसा एक्सेलमध्ये फाईल सेव्ह करण्याआधी घ्या. काही न बदलता नुसतं सेव्ह केलं तरी आतले तपशील बदलतात.

मूळ नावांची यादी हाताने टाइप करू नका, नाहीतर पुन्हा तोच 'ऱ'चा घोळ. फाईल एक्सप्लोररमध्ये सगळ्या फायली निवडा, शिफ्ट दाबून राइट क्लिक करा आणि 'कॉपी ॲज पाथ' घ्या. किंवा एक्सेलच्या डेटा टॅबमधून 'फ्रॉम फोल्डर' वापरा, अख्ख्या फोल्डरची यादी तक्त्यात येते.

नाव बदलण्याआधी आणखी एक तपासणी: एका फाईलमधलं सूत्र दुसऱ्या फाईलमधून आकडा उचलत असेल तर नाव बदलताच तो दुवा तुटतो. डेटा टॅबमध्ये दुव्यांची यादी दिसते. तिथेच नवीन नाव देऊन दुवा जोडून घ्या.

नवीन नावं कशी असावीत

मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग करणं हा पहिला विचार येतो. पण 'बीड' कुणी एक 'आय'ने लिहितं, कुणी दोन 'ई'ने. जिल्ह्यांची नावंही बदलतात: २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. म्हणून नावाऐवजी क्रमांक वापरा. २०११च्या जनगणनेत राज्याचे ३५ जिल्हे ४९७ ते ५३१ या क्रमांकांनी नोंदलेले आहेत, पुणे ५२१. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्या यादीत त्याला क्रमांक नाही. त्याला तुम्ही काय क्रमांक दिला ते नोंदवहीत स्पष्ट लिहा, किंवा सगळ्यांसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे क्रमांक घ्या.

मग नावाची घडण अशी: क्रमांक, खालची रेघ, वर्ष, खालची रेघ, विषयाचा एक शब्द, खालची रेघ, आवृत्ती. सगळं लहान इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. महिने आणि आवृत्त्या दोन आकडीच लिहा, ०१, ०२ अशा. नाहीतर १० हा २च्या आधी येतो. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे नावानुसार लावलं की काळानुसार आपोआप लागतं. 'अंतिम', 'नवीन', 'अंतिम नवीन' हे शब्द नकोत. त्यातली खरी अंतिम कोणती, हे पुढच्या वर्षी तुम्हालाच आठवणार नाही.

नावं इंग्रजी केली म्हणजे मराठी सोडली, असं अजिबात नाही. मराठीची जागा फाईलच्या आत आहे: शीर्षकाच्या ओळीत, पत्रकांच्या नावात, रकान्यांच्या वर्णनात, नोंदवहीत. तिथे ती सुरक्षित असते, शोधता येते आणि संशोधनाच्या कामी येते. फाईलचं नाव हा पत्ता आहे, आणि पत्ता पोस्टमनला वाचता येईल अशाच अक्षरांत लिहावा लागतो.

आजच करून बघा

मोठा बदल एकदम करायची गरज नाही. आज एवढंच करा. एक, तुमच्या डेटाच्या फोल्डरची यादी काढा आणि किती फायली असायला हव्यात आणि किती आहेत ते मोजा. दोन, ज्या नावात 'ऱ' किंवा 'ॲ' आहे त्यांची 'लेन' आणि 'युनिकोड'ने तपासणी करा. एकच शब्द वेगवेगळ्या लांबीचा निघाला की समजा घोळ आहे. तीन, 'मूळ' नावाचं फोल्डर करून सगळ्या आलेल्या फायली तिथे ठेवा आणि ते फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवा. नोंदवही त्यानंतर रोज थोडी थोडी भरत जा.

आणि तुमचं विश्लेषण आधीच झालेलं असेल, तर कोडमध्ये एक ओळ घालून किती फायली वाचल्या गेल्या तेवढं छापून बघा. आकडा जुळला तर निर्धास्तपणे पुढे जा. नाही जुळला, तर प्रकरण मार्गदर्शकांकडे जाण्याआधी कळलं हे बरंच झालं.